टिंबानंतरचा आकडा

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचा क्रमांक एकदा पडला की तो कायमचा. पुढे नावात किंवा जन्मतारखेत दुरुस्ती झाली तरी क्रमांक बदलत नाही, आणि मूळ नोंद खोडून नाहीशीही करता येत नाही. आपल्याला हे इतके सवयीचे आहे, की त्यात काही विशेष वाटत नाही. जनुकांच्या माहितीसाठ्यांना मात्र ही शिस्त लागायला बराच काळ जावा लागला.

मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांचे क्रम एका छापील ॲटलासमध्ये एकत्र केले. पुस्तकाची एक सोय असते: नवी आवृत्ती निघाली तरी जुनी कपाटात राहतेच. १९८२ मध्ये अमेरिकेत 'जेनबँक' हा संगणकीय साठा सुरू झाला. प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक मिळाला. पण संशोधकाने आपला क्रम दुरुस्त केला तरी क्रमांक तोच राही. मग एखाद्या लेखात नुसता क्रमांक दिला असेल, तर लेखकाने चुकीचा क्रम वापरला की सुधारलेला, हे वाचकाला कसे कळावे? पुढे क्रम बदलला की वेगळा 'जीआय' क्रमांक मिळू लागला. पण असे दोन आकडे पाहून त्यांचे एकमेकांशी नाते आहे हे कोणालाच ओळखता येत नसे.

१९९९ मध्ये अमेरिका, युरोप आणि जपानच्या साठ्यांनी साधा उपाय अमलात आणला. मूळ क्रमांकापुढे टिंब आणि आवृत्तीचा आकडा! क्रमातले एक अक्षर बदलले तरी हा आकडा वाढतो. शीर्षक किंवा टिपा बदलल्या तर वाढत नाही. ते बदल नोंदीच्या इतिहासात तारखेवार शोधावे लागतात.

याचे मोल २०२० मध्ये दिसले. वुहानमधील रुग्णाच्या फुप्फुसातील द्रवावरून करोना विषाणूचा जनुकीय क्रम जुळवला गेला. एमएन९०८९४७.१ या नोंदीत ३०,४७३ अक्षरे होती. परंतु शेवटची काहीशे अक्षरे विषाणूची नव्हतीच. ती माणसाच्या डीएनएची होती. रुग्णाच्या नमुन्यात दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे तुकडे जुळवताना अशी गफलत होऊ शकते. १४ जानेवारीला दुसरी आवृत्ती आली, २९,८७५ अक्षरांची. १७ जानेवारीला तिसरी, २९,९०३ अक्षरांची. पुढे जगभर विषाणूतील बदल मोजले गेले ते बहुतेक या तिसऱ्या आवृत्तीच्या क्रमाशी ताडून.

पहिली आवृत्ती पुसलेली नाही. टिंबापुढे १ लिहून ती आजही उघडता येते, माणसाच्या डीएनएच्या त्या शेपटासकट.