दीडशे भागांचा एकच लेखक

मालिका लिहू इच्छिणाऱ्या तरुणाला मुंबईत एक सल्ला हमखास मिळतो: आधी संवाद लिहायला लाग. चालू मालिकेत शिरकाव कर, हातात आलेल्या पटकथेवर वेळेत संवाद करून दे, सेट खोळंबू देऊ नकोस, म्हणजे पुढचं काम आपोआप येईल. सल्ला देणारे अनुभवी असतात आणि त्यांची तळमळही खरी असते. पण या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती तपासायला हवी. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे ही वाटणी लेखनाच्या स्वभावातच आहे, असं मानून हा सल्ला दिला जातो. इतिहास पाहिला तर ही वाटणी आपल्याकडे दोनदा झाली आणि दोन्ही वेळा तिचं कारण गोष्टीच्या बाहेरचं होतं. पहिल्यांदा भाषेचं, दुसऱ्यांदा वेळापत्रकाचं. नवोदिताने उमेदवारी नेमकी कशाची करायची, याचं उत्तर या दोन कारणांमध्ये दडलेलं आहे, असं माझं मत आहे.

भाषेची गोष्ट बोलपटाइतकी जुनी. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला, तेव्हा मुंबई, कोल्हापूर, पुण्याच्या स्टुडिओंतली बरीच माणसं मराठी नाहीतर गुजराती बोलणारी होती. प्रेक्षक मात्र उत्तरेपर्यंत पसरलेला, हिंदुस्तानी ऐकणारा. त्यासाठी उर्दू-हिंदी जाणणारे मुन्शी आले आणि ‘संवाद’ ही स्वतंत्र नोकरी झाली. प्रभातचा १९३७चा ‘कुंकू’ हे याचं सुरेख उदाहरण आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो झाला. तोच चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून निघाला तेव्हा संवाद मुन्शी अझीझ यांनी लिहिले. म्हणजे संवादलेखक जन्माला आला तो भाषांतराची गरज म्हणून. गरज ओसरली तरी श्रेयनामावलीतली ती वेगळी ओळ टिकली, तिचा रिवाज झाला. सत्तरच्या दशकात सलीम-जावेद यांनी कथा, पटकथा आणि संवाद एकत्र आपल्याकडे ठेवले, आणि १९७३च्या ‘जंजीर’च्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घ्यावी लागली तीही त्यांनी घेतली. लेखकाची पत वाढली ती गोष्टीचे तिन्ही भाग पुन्हा एका ठिकाणी आले तेव्हा, हा योगायोग नव्हे.

दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ही वाटणी जवळजवळ पुसली गेली, कारण मालिकालेखन नावाचा धंदाच तेव्हा नव्हता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथे गाजलेल्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मधली माणसं चिं. वि. जोशींनी कित्येक दशकं आधी कागदावर उभी केलेली होती. हिंदीत ‘ये जो है जिंदगी’ लिहिणारे शरद जोशी व्यंगलेखक होते, ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे राही मासूम रझा ‘आधा गाँव’सारखी कादंबरी लिहून बसले होते. या सगळ्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी लेखनात मिळवलेलं भांडवल दूरदर्शनवर आणलं. त्यातही ‘हम लोग’ आणि तिचे लेखक मनोहर श्याम जोशी यांच्यापाशी जरा थांबायला हवं, कारण मालिकालेखकाच्या कामाचं संपूर्ण चित्र आपल्याकडे पहिल्यांदा तिथे दिसतं.

‘हम लोग’ची कल्पना आपल्याकडे आली मेक्सिकोतून. तिथे मिगेल साबिदो यांनी १९७५च्या सुमारास प्रौढ साक्षरतेचा प्रचार मालिकेतून करून दाखवला होता. माहिती व नभोवाणी खातं सांभाळलेले वर्ध्याचे खासदार वसंत साठे यांच्या मेक्सिको भेटीतून हा विचार इथे रुजला, असं सांगितलं जातं. ७ जुलै १९८४ रोजी मालिका सुरू झाली तेव्हा तिच्यावर कुटुंबनियोजनाच्या संदेशाचं ओझं होतं. पहिले तेरा भाग लोकांना फारसे रुचले नाहीत. मग जोशींनी उपदेश मागे सारला आणि एका निम्न-मध्यमवर्गीय घरातली भांडणं, लग्नं, नोकऱ्या, दारू आणि लेकीबाळींची स्वप्नं पुढे आणली. सतरा महिन्यांत दीडशेहून अधिक भाग झाले, म्हणजे सरासरी आठवड्याला दोन. सुमारे चार लाख पत्रं आली. त्याहून बोलकी आहे भागवंतीची गोष्ट. साबिदोंच्या पद्धतीत प्रत्येक पात्राला शिकवण्याचं काम वाटून दिलेलं असतं. निमूट सोसणारी ही आई ‘असं वागू नये’ हे सांगण्यासाठी होती, पण पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं, असं नंतर अभ्यासकांना आढळलं. पात्र योजनेतून सुटून माणूस झालं की असं होतं. जोशींनी ते माणूस घडवलं, कारण घरातल्या आजोबांपासून धाकट्या मुलीपर्यंत सगळ्यांची पुढची वाट त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होती. एका पात्राला धक्का लागला तर दुसरं कुठे हलेल, हे त्यांना कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं. त्यांच्यामागे ‘साप्ताहिक हिंदुस्तान’च्या संपादकपणाची, आकाशवाणीची आणि फिल्म्स डिव्हिजनची वर्षं होती, ‘कुरु कुरु स्वाहा’ आणि ‘कसप’सारख्या कादंबऱ्या होत्या. मुदतीत लिहिणं आणि लांब पल्ल्याची गोष्ट पेलणं ही दोन्ही कौशल्यं मालिका मिळण्याआधीच त्यांच्याकडे होती.

दुसरी वाटणी वेळापत्रकाने केली. १९९४ साली दूरदर्शनवर ‘शांती’ आली आणि रोजच्या मालिकेचा पाया पडला. १९९९ साली अल्फा मराठी ही खाजगी वाहिनी सुरू झाली. जुलै २००० ते नोव्हेंबर २००८ या काळात ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’चे १८३३ भाग झाले, तर मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांचा आकडा ओलांडला. हिशेब करून पाहावा. बावीसेक मिनिटांचे सहा भाग म्हणजे आठवड्याला दोन तासांहून अधिक मजकूर, पूर्ण लांबीचा एक चित्रपट, आणि तोही वर्षभर दर आठवड्याला. हे एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून कथालेखक महिनाभराच्या कथेचा आराखडा, म्हणजे ट्रॅक, लिहू लागला, पटकथाकार त्याचे सीन पाडू लागला, संवादलेखक रात्री बसून सकाळच्या शूटिंगला पानं पाठवू लागला. आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची बँक असेपर्यंत हे सुरळीत चालतं. बँक संपली की सेटवर कलाकार मेकअप करून बसलेले असतात आणि पानं यायची असतात. दर आठवड्याला येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यावर ट्रॅक बदलू लागला आणि गोष्टीचं सुकाणू लेखकाकडून वाहिनीच्या बैठकीकडे गेलं. पत्रातून प्रेक्षक कारण सांगत असे, आकडा फक्त कौल सांगतो. कारणाचा अंदाज ज्याने बांधायचा तोच गोष्टीचा धनी होतो, आणि संवादलेखक त्या बैठकीत बहुधा नसतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दूरदर्शनच्या काळी वाहिनी एकच होती, स्पर्धा नव्हती, प्रेक्षक जे दाखवाल ते पाहत. त्या काळाचे दाखले आज देऊन काय उपयोग? पण एकाधिकाराच्या छत्राखाली कितीतरी मालिका विसरल्या गेल्या. ‘हम लोग’सुद्धा पहिल्या तेरा भागांत घसरतच होती, ती सावरली लेखकाने. शिवाय खाजगी वाहिन्यांच्या काळातही तेच घडलेलं दिसतं. ‘प्रपंच’ प्रतिमा कुलकर्णी यांनी लिहिली आणि दिग्दर्शितही केली, त्या घराची वीण एका हाताची होती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ उभी राहिली ती दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर, म्हणजे स्तंभलेखनात आधीच तावूनसुलाखून निघालेल्या कुटुंबावर. या मालिकांचं नाव आजही प्रेमाने निघतं, आणि रोजच्या रेट्यातून त्या दूर होत्या हे खरं असलं तरी स्पर्धेपासून दूर नव्हत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: रोजच्या मालिकेत वाटणी अटळच असेल, तर नवोदिताने पूर्ण गोष्टीची हौस कशाला धरायची? इथे अमेरिकेतल्या रेडिओचा इतिहास कामी येतो, कारण रोजची मालिका घडली तिथेच. अर्ना फिलिप्स यांनी १९३० साली शिकागोत ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू केली. ती देशभरच्या जाळ्यावर न्यायची म्हटल्यावर तिथल्या रेडिओ केंद्राने नकार दिला, वाद न्यायालयात गेला आणि मालकी केंद्राची ठरली. बाई बाहेर पडल्या आणि पुढच्या मालिकांची मालकी त्यांनी स्वतःकडे राखली. १९३७ साली सुरू झालेली त्यांची ‘गायडिंग लाइट’ १९५२ साली दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९पर्यंत चालली. एकाच वेळी अनेक मालिका चालवताना त्यांनीही मदतनीस संवादलेखक ठेवले, पण कामाची मांडणी अशी केली की मदतनिसाला गोष्ट कुठून कुठे चालली आहे हे दिसत राहावं. त्या मदतनिसांपैकी एक ॲग्नेस निक्सन. संवाद लिहीत त्या शिकल्या आणि पुढे स्वतः मालिका निर्माण करणाऱ्या झाल्या. म्हणून संवादापासून सुरुवात करण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते ट्रॅक न पाहता, संकलन न पाहता, केवळ उद्याची पानं लिहीत दहा वर्षं घालवणं. २०२३ साली अमेरिकेतले लेखक १४८ दिवस संपावर राहिले तेव्हा त्यांचं एक मोठं दुखणं हेच होतं की नव्या लेखकांना थोडक्या आठवड्यांसाठी घेतात आणि चित्रीकरणाच्या आधीच सोडून देतात, त्यामुळे त्यांना मालिका चालवायला शिकताच येत नाही. मालिकेच्या लांबीनुसार लेखकांची किमान संख्या त्यांनी करारात लिहून घेतली.

आपल्याकडे असा करार नाही, म्हणून इथल्या नवोदिताला स्वतःच्या कागदपत्रांची काळजी अधिक घ्यावी लागते. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्थानी’ या नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. म्हणजे वाहिनीच्या कचेरीत तोंडी ऐकवलेली वनलाइन, म्हणजे एका ओळीतली कल्पना, जवळपास उघड्यावर टाकलेली असते. याउलट २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने संडायल कम्युनिकेशन्स या कंपनीच्या बाजूने दिलेला मनाईहुकूम कायम ठेवला. कृष्ण एका कुटुंबात लहान मुलाच्या रूपाने येतो ही त्यांची कल्पना लेखी, तपशीलवार आणि फिल्म रायटर्स असोसिएशनकडे नोंदवलेली होती, आणि विश्वासाने दाखवलेली गोष्ट परस्पर वापरता येत नाही असं न्यायालयाने मानलं. आज हीच संघटना स्क्रीनरायटर्स असोसिएशन या नावाने चालते. तिचं सभासदत्व आणि प्रत्येक संकल्पनेची तारखेसह नोंद हे पहिल्या मानधनाआधीचं काम आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर तर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला करारानेही सोडून देता येत नाही. कायद्यातलं हे वाक्य आणि खात्यात पडणारा पैसा यांत अजून मोठं अंतर आहे. तरी करार न वाचता सही करणारा ते अंतर स्वतःच वाढवतो.

उरतो पोटाचा प्रश्न, आणि तो मी हलका मानत नाही. मुंबईत भाड्याची खोली, लोकल, डबा यांसाठी भागागणिक मिळणारे पैसे लागतात. पूर्ण गोष्ट लिहीत बसायला कुणाकडे वेळ आहे? पण संवादाची नोकरी करत असतानाच घरी स्वतःची एक मालिका मुळापासून बांधत राहणं, तिच्या पन्नासेक भागांपर्यंतच्या वाटा लिहून ठेवणं, हे चैनीचं काम नाही. एकांकिका लिहा, कथा छापून आणा, स्तंभ चालवा. मनोहर श्याम जोशींची वर्षं साप्ताहिकात गेली, प्रभावळकरांचे टिपरे वर्तमानपत्रात वाढले. निक्सन यांनी ‘ऑल माय चिल्ड्रेन’चा सगळा आराखडा दुसऱ्यांच्या मालिका लिहीत असताना केला होता. तो घेणारा कुणी मिळाला नाही आणि कागद काही वर्षं खणात पडून राहिले. १९६८ साली त्यांची ‘वन लाइफ टू लिव्ह’ चालली, मग एबीसीने आणखी काही आहे का विचारलं, तेव्हा दाखवायला ते कागद तयार होते. जानेवारी १९७०मध्ये ती मालिका सुरू झाली आणि २०११पर्यंत एबीसीवर राहिली.