वेशीबाहेरच्या शेताचें मोल

शहर वाढूं लागलें म्हणजे त्याच्या वेशीबाहेरील शेताला दोन मोलें येतात : एक, तें आज काय पिकवितें त्याचें; दुसरें, उद्यां तेथें काय उभें राहील त्याचें. या दुसऱ्या मोलाचा धनी कोण?

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचें उत्तर रोखठोक होतें. अधिसूचनेच्या दिवशींचा बाजारभाव आणि सक्तीबद्दल वर शेंकडा १५, एवढेंच शेतकऱ्याचें; संपादनानंतरच्या नव्या उपयोगानें वाढणारें मोल हिशेबांत धरावयाचें नाहीं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें निराळी वाट धरली : आंखणीनंतर भूखंड मालकाकडेच रहावा, व वाढीव मोलाच्या निम्म्यापर्यंतचा हिस्सा त्यानें योजनेच्या खर्चास द्यावा.

पुण्याजवळ हडपसर येथें सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं तिसरें उत्तर दिलें. जमीन विकून मोकळें होण्याऐवजीं त्यांनीं आपलीं सुमारें ४०० एकर शेतें एकत्र केलीं, आणि २००० सालच्या सुमारास मगरपट्टा हें नगर स्वतःच वसविण्यास घेतलें; जमिनीच्या प्रमाणांत प्रत्येकास कंपनींत भाग मिळाला. त्यांतील पुष्कळ कुटुंबें एकाच भावकींतलीं होतीं. जी भाऊबंदकी एरव्हीं बांध कोरते, तिनें येथें बांध पुसले.

२०१३ च्या कायद्यानें सक्तीबद्दलची रक्कम शेंकडा १०० केली, हें योग्यच झालें. तथापि भरपाई ही एका दिवसाची किंमत असते; वांटा पिढ्यान् पिढ्या चालतो. वाढत्या शहरांनीं शेतकऱ्याला या दोहोंपैकीं काय द्यावें, याविषयीं आम्हांस तरी संदेह नाहीं.