गवत्याची देशी लस

आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला गवत्या म्हणतात, तो मासा मूळचा चीनचा. 1959 मध्ये तो हाँगकाँगहून भारतात आला. त्याच्या मायदेशात त्याच्यावर आलेल्या संकटाची ही हकिगत.

चीनमध्ये गवत्याचं नशीब एका शब्दानं उघडलं, असं सांगतात. सातव्या शतकात तांग घराणं गादीवर आलं. राजाचं आडनाव ली, आणि साध्या कार्प माशाचं नावही उच्चारायला ली! मग राजाला ताटात कसं वाढायचं? त्या माशावर बंदी आली आणि लोक गवत्यासारख्या माशांकडे वळले. कथा खरी असो वा रचलेली. मी कवी माणूस, मला ती आवडते.

शेकडो वर्षं गवत्याची पिल्लं नद्यांतून धरून आणत. 1958 नंतर चिनी संशोधकांनी या जातीच्या माशांचं बीज तळ्यावरच तयार करायची युक्ती साधली. उत्पादन वाढलं, तशी बोटुकल्यांची दाटीही. आणि 1970 च्या आसपास एका रोगानं हाहाकार मांडला. उन्हाळ्याच्या दिवसांत पहिल्या वर्षाची पिल्लं अंगात रक्त साकळून मरत. कधी कधी शंभरातली ऐंशी.

हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याआधीच त्यावर उतारा निघाला होता. आजारी माशांचं यकृत, प्लीहा, मूत्रपिंड वाटायचं, गाळायचं, फॉर्मॅलिननं निर्जीव करायचं आणि निरोगी बोटुकलीला टोचायचं. चिनी लोक तिला 'देशी लस' म्हणत. तुम्ही म्हणाल, हजारो पिल्लं एकेक धरून टोचायची? होय, हातानं, एकेक! शिवाय फॉर्मॅलिन कमी पडलं, तर लसीतूनच रोग पसरायची भीती. लस करायची तर आधी आजारी मासे हवेत, ही आणखी एक अडचण.

पुढे प्रयोगशाळेत पेशींवर विषाणू वाढवून शुद्ध लस बनू लागली. पण एकविसाव्या शतकात विषाणूचा दुसराच प्रकार तळ्यांत पसरला आणि पहिल्या प्रकारावरून घडवलेली लस त्यापुढे अपुरी पडू लागली. देशी लस ओबडधोबड खरी, पण ती त्याच मुलखातल्या आजारी माशापासून बनायची, म्हणून तिथल्या विषाणूशी तिची ओळख पक्की असायची. हा तिचा गुण मला मोठा वाटतो.

आज चीनमध्ये वर्षाला 50 लाख टनांहून अधिक गवत्या पिकतो. सुईवाचून, खाद्यातून किंवा पाण्यात बुडवून लस देता येईल का, याचे प्रयोग तिथे चालू आहेत.