कानोसा घेणाऱ्या चौकीवरचे दोघे

दरवर्षी डिसेंबर संपत आला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात भीमा कोरेगावचा विषय निघतो. आपले किती होते, समोर किती होते, किती तास लढले. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात. मागच्या वेळी त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, "आपण लढतो हे शंभर वेळा सिद्ध झालंय. अजून कोणाला दाखवायचं राहिलंय?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे, पण त्याची सुरुवात आपल्या इतिहासातून नाही, फ्रान्समधल्या एका चौकीवरून करतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९१६ साली काळ्या सैनिकांची एक पलटण उभी राहिली, पंधरावी न्यूयॉर्क. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे आणि त्याच वर्षी बाबासाहेब तिथला अभ्यास आटोपून लंडनला गेले. पुढच्या वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. अल्बनी स्टेशनवर हमाली करणारा हेन्री जॉन्सन नावाचा तरुण या पलटणीत भरती झाला.

१९१८ च्या सुरुवातीला पलटण फ्रान्सला पोचली, तेव्हा तिच्या हातात काय आलं? बंदरावरची हमाली. रेल्वेचे रूळ टाका, जहाजं रिकामी करा. फ्रान्समध्ये गेलेल्या बहुसंख्य काळ्या सैनिकांनी युद्धभर हीच कामं केली, मेलेल्यांना पुरण्याचं कामही त्यात आलं. गणवेश द्यायचा पण बंदुकीऐवजी फावडं द्यायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. अमेरिकन सेनापतींना या पलटणीला गोऱ्या पलटणींच्या शेजारी लढवायचं नव्हतं. फ्रेंचांना मात्र माणसं कमी पडत होती. म्हणून मार्चमध्ये तिला ३६९ क्रमांक देऊन सरळ फ्रेंच सैन्याच्या हवाली केलं. अंगावर अमेरिकन गणवेश, डोक्यावर फ्रेंच शिरस्त्राण, हातात फ्रेंच रायफल आणि हुकूम देणाऱ्याची भाषा अनोळखी.

आर्गोनच्या जंगलाच्या कडेला त्यांचा मोर्चा होता. खंदकांची मुख्य रांग मागे असायची आणि तिच्या पुढे, काटेरी तारेजवळ, मोजकी माणसं मावतील एवढ्या चौक्या असायच्या. कानोसा घ्यायच्या चौक्या. तिथली लढाई सिनेमात दिसते तशी नसते. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, सगळी भिस्त कानांवर. विडी पेटवायची नाही, खोकला आला तर तो गिळायचा. तारेपाशी खुट्ट झालं तर ते उंदराचं की माणसाचं? उगाच आरडाओरडा केला तर मागे झोपलेली सगळी रांग जागी होणार आणि सकाळी शिव्या खाव्या लागणार. गप्प बसलो आणि ते माणसाचं असलं, तर सकाळच उजाडणार नाही. हा निवाडा एका रात्रीत कित्येकदा करायचा. दिवस उजाडला की भुयारात ओल, उवा आणि मोडकी झोप, आणि मधूनच तोफगोळे. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा कान. बहुतेक रात्री काहीच घडत नाही, आणि त्या काही न घडलेल्या रात्रींचं पदक कोणी देत नाही. या पलटणीने आघाडीवर काढलेले दिवस १९१ सांगितले जातात. आमच्या मते सैनिकाला मोजायचं तर आधी हे दिवस मोजा.

१५ मे १९१८ च्या पहाटेपूर्वी जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. तार कापल्याचा आवाज आला, आणि या वेळी तो उंदराचा नव्हता. जर्मन तुकडीने हातबॉम्ब टाकले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला आणि पडल्या जागेवरून जॉन्सनच्या हातात बॉम्ब देत राहिला. बॉम्ब संपल्यावर जॉन्सनने रायफल उचलली. गडबडीत फ्रेंच रायफलीत अमेरिकन काडतुसं घातली गेली आणि ती अडकली. (एका देशाच्या सैनिकाला दुसऱ्या देशाच्या पदरात टाकून दिलं की असं होतं. ही चूक जॉन्सनची एकट्याची नाही.) मग त्याने रायफल उलटी धरून दस्त्याने मारलं, दस्ता तुटल्यावर सुरा काढला. रॉबर्ट्सला उचलून न्यायला निघालेल्यांच्या तावडीतून त्याला सोडवलं. जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा झाल्या. फ्रान्सने दोघांनाही 'क्रॉ द गेर' हे पदक दिलं.

वर्तमानपत्रांत नाव गाजलं. आता सिद्ध झालं, असं तुम्ही म्हणाल. जरा थांबा. त्याच वर्षी ७ ऑगस्टला फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी एक गुप्त सूचनापत्र निघालं, अमेरिकन गोऱ्यांची भावना समजावून सांगणारं. मथितार्थ असा: काळ्या अधिकाऱ्यांबरोबर जेवू नका, हस्तांदोलन करू नका, कामापुरतंच बोला, आणि गोऱ्या अमेरिकनांसमोर काळ्या पलटणींचं फार कौतुक करू नका. रोटीबंदीचा हुकूमच हा, आणि तो जॉन्सनच्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी निघाला. शौर्य कमी पडलं म्हणून तो निघाला नाही. शौर्य दिसू लागलं म्हणून निघाला.

१७ फेब्रुवारी १९१९ ला पलटणीचं न्यूयॉर्कमध्ये जंगी स्वागत झालं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिकागोपासून वॉशिंग्टनपर्यंत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. युद्धावरून परतलेले सैनिकही झुंडींच्या तावडीतून सुटले नाहीत. सैन्याने जॉन्सनचं चित्र जाहिरातीला वापरलं, पण त्याला स्वतःच्या देशाचं पदक हयातीत मिळालं नाही. गोरे सैनिक आमच्याशी कसे वागले हे त्याने सेंट लुइसच्या सभेत सांगितलं आणि त्याची व्याख्यानं बंद पडली. १९२९ च्या जुलैत तो वारला. अमेरिकेचं सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' २०१५ साली जाहीर झालं, तेव्हा ते घ्यायला त्याच्या रक्ताचं कोणी सापडलं नाही.

आता आपल्याकडे वळू. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले, त्यांत पूर्वजांच्या पराक्रमाचे दाखले होते. दाखले खरे होते, दरवाजा उघडला नाही. १९१७ साली युद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ साली ती मोडली. म्हणजे दाखल्याने न उघडलेला दरवाजा गरजेने उघडला, आणि गरज सरताच बंद झाला. याच १९१७ साली बडोद्याच्या महाराजांचे लष्करी सचिव असलेल्या बाबासाहेबांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत होते. सुभेदार रामजींच्या मुलाच्या टेबलावर.

म्हणून १ जानेवारीला जाऊ नका, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. बाबासाहेब १९२७ साली स्वतः तिथे गेले होते, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहण्यामागे त्यांचाही रेटा होता. मान आपल्याच माणसांना आपलीच ताठ करून दाखवावी लागते, त्यासाठी तो स्तंभ हवाच. पण समोरच्याला पटवण्याचं साधन म्हणून शौर्याचा दाखला वापरत राहणं म्हणजे जॉन्सनला पुन्हा त्या चौकीवर उभं करणं आहे. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्यासारखा विद्वानसुद्धा यात फसला. जुलै १९१८ मध्ये त्यांनी आपल्या लोकांना लिहिलं की युद्ध असेपर्यंत गाऱ्हाणी बाजूला ठेवा. मे १९१९ मध्ये ते गुप्त सूचनापत्र त्यांनीच आपल्या 'क्रायसिस' मासिकात छापलं, तेव्हा त्यांचा सूर पार बदललेला होता.

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी याच डुबॉइसना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी आपल्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि अस्पृश्यांच्या वतीनेही तसं पाऊल उचलावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या.