संप, खानावळ आणि सोळा वर्षांचं पोट

१८ जानेवारी १९८२. मुंबईतल्या साठेक कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. डॉ. दत्ता सामंत, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, बोनस, १९४६ चा कायदा वगैरे वगैरे आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मला मात्र बरेच दिवस एक साधा प्रश्न छळतोय. संप दीड वर्षाहून जास्त लांबला, अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. एवढ्या काळात त्या घरांतली नववी-दहावीतली पोरं जेवली काय?

आता तुम्ही म्हणाल, रेशन होतं की! होतं ना, मुंबईत ते १९४३ पासून होतं. गहू-तांदूळ दुकानात, कार्ड घरात. पण रेशन उचलायलाही रोख पैसे लागतात आणि पगार तर बंद. गंमत म्हणजे अमर्त्य सेन यांचं 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हे पुस्तक जेमतेम वर्षभर आधी, १९८१ मध्ये आलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाजारात धान्य असूनही माणसं उपाशी राहू शकतात. ते मिळवण्याची ऐपत गेली की झालं. लालबाग-परळला हे समजायला पुस्तकाची गरज पडली नाही.

त्यात गिरणगावाची एक खासियत होती. गाव सोडून एकटे आलेले हजारो कामगार खानावळीत जेवायचे, आणि ही खानावळ म्हणजे चाळीतल्या कुणा बाईचं स्वयंपाकघर. महिनाभर उधारीवर जेवण, पगाराला हिशोब. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. संप लांबला तसे कामगार कोकणात, घाटावर परत गेले. जे उरले त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. म्हणजे बघा, बाप गिरणीत आणि आई खानावळ चालवणारी अशा घरातल्या दोन्ही मिळकती एकाच वेळी थांबल्या! गावाकडून धान्य आलं, युनियननेही वाटलं, भांडी-दागिने गेले. आणि कित्येक पोरांनी शाळा सोडून मिळेल ते काम धरलं.

या वयाची एक अडचण आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या हिशोबाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३३२०. म्हणजे घरात सगळ्यात जास्त भूक त्याला. पण तान्ह्या पोरासारखं तो रडून मागत नाही, कारण डब्यात किती पीठ उरलंय हे त्याला कळतं. 'मी बाहेर खाल्लं' म्हणतो आणि गॅलरीत जाऊन बसतो.

असं बसून डोक्यात काय होतं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. वजन तर घटलंच, पण माणसं चिडचिडी झाली, खिन्न झाली, एकेकटी राहू लागली. ध्यानीमनी फक्त अन्न. आणि त्या लोकांना शेवटची तारीख माहीत होती! चाळीतल्या पोराला ती माहीत नव्हती. त्याला वर बापाचा उतरलेला चेहरा रोज बघायचा होता.

पुढे याच भागातून टोळ्यांना पोरं मिळाली. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकातल्या धुरी कुटुंबात हे सगळं दिसतं. आपण त्याला 'पोरं वाया गेली' म्हणून मोकळे होतो. पण रिकामं पोट, रिकामा दिवस आणि घरात मान खाली घालून बसलेली मोठी माणसं, यातून चांगलं काय निघणार होतं?

त्याच १९८२ मध्ये, १ जुलैला, तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या जेवणाची मोठी योजना सुरू केली. आधी खेड्यांत, सप्टेंबरमध्ये शहरांत आणि १९८४ मध्ये दहा ते पंधरा वयाच्या मुलांनाही. तिजोरीला परवडणार नाही म्हणून तेव्हा टीकाही झाली. आज ती योजना देशाला उदाहरण म्हणून सांगतात.

पण उदाहरण आपण अर्धंच घेतलं. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा मुलांना जेवणाचा हक्क देतो चौदा वर्षांपर्यंत. केंद्राची शालेय पोषण योजना आठवीला थांबते. पुढे प्राधान्य कुटुंबातल्या पोराच्या वाट्याला महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे दिवसाला साधारण ५८० कॅलरी. ३३२० मधून वजा करून बघा.

आमच्या धंद्यात याला सीमेवरचा बग म्हणतात. अट लिहिणाऱ्याने आकडा टाकला आणि त्यापलीकडे कोण उभं आहे ते तपासलंच नाही. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि ऑफिसं आहेत, आपल्यातले बरेच जण तिथेच कामाला जातात. वस्त्या गोवंडी-मानखुर्दकडे सरकल्या. तिथला आठवी पास झालेला मुलगा जूनमध्ये नववीच्या वर्गात बसतो, तेव्हा त्याची भूक वाढलेली असते आणि ताट गेलेलं असतं. अटीतला 'आठवी' बदलून 'बारावी' करणं फुकट होणार नाही, मान्य. पण न करण्याची किंमत गिरणगावाने एकदा मोजून दाखवली आहे.