कोळंबीच्या कवचावरील ठिपके

कोळंबीशेतीचा इतिहास बहुधा टनांच्या आणि परकीय चलनाच्या हिशेबाने लिहिला जातो; परंतु या धंद्याचे भवितव्य खऱ्या अर्थाने ठरले ते कोळंबीच्या त्वचेवर आणि कल्ल्यांवर, असे माझे मत आहे.

गोव्याच्या खाजणांत मानशीच्या, म्हणजे बांधातून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपेच्या, दाराशी जाळे लावून ओहोटीबरोबर येणारी कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जात असे, आणि समुद्र देईल तेवढे घ्यावे ही त्या वहिवाटीची मर्यादा होती. १९३४ साली जपानात मोतोसाकू फुजिनागा यांनी कुरुमा कोळंबीची अंडी बंदिस्त पाण्यात उबवून दाखवली, १९६८ साली तैवानात ल्याओ ई-च्यू यांनी टायगर कोळंबीच्या बाबतीत तेच साधले, आणि ही मर्यादा सुटली. बीज विकत मिळू लागले, विमानाने देशोदेशी जाऊ लागले, आणि एकेका तलावात इतकी दाटी झाली की एकीच्या अंगचा रोग दुसरीपर्यंत पोहोचण्यास अंतर म्हणून उरलेच नाही.

१९९२ साली तैवानात, पुढच्याच वर्षी चीनमध्ये आणि चीनहून आणलेल्या बिजाबरोबर जपानात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग प्रकटला. चीनचे दोन लाख टनांच्या घरातील उत्पादन एका वर्षात निम्म्याखाली आले. १९९४ च्या सुमारास तो आपल्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचला, आणि ज्यांनी भातखाचरे मोडून, जमिनी तारण ठेवून आंध्रात तलाव खणले होते, त्यांना त्याने अक्षरशः धुळीस मिळवले. आदल्या दिवसापर्यंत खाद्याचा ट्रे रिकामा करणारी कोळंबी अन्न टाकते, सुस्त होऊन काठाशी जमते, आणि तीन ते दहा दिवसांत तलावच्या तलाव मरून पडतो. मेलेल्या कोळंबीच्या पाठीचे कवच सोलून, खरवडून उजेडापुढे धरले, तर जोंधळ्याच्या दाण्याहूनही लहान, वाटोळे पांढरे ठिपके दिसतात; ते क्षारांचे साठे होत, कवच घडवणाऱ्या त्वचेचे काम बिघडल्याची खूण.

हा रोग करणारा विषाणू त्या त्वचेत शिरतो कसा, याचा उलगडा होण्यास आणखी दहा वर्षे गेली. लंबगोल देहाच्या, एका टोकाला शेपटीसारखा तंतू असलेल्या या विषाणूच्या आवरणावर व्हीपी-२८ नावाचे प्रथिन असते, आणि कोळंबीच्या पेशीला चिकटण्यास व आत शिरण्यास तेच साह्य करते, असे २००४ साली दिसून आले. २००६ साली थायलंडच्या संशोधकांना टायगर कोळंबीतील रॅब-७ हे प्रथिन व्हीपी-२८ ला धरून राहते असे आढळले, आणि विषाणूबरोबर रॅब-७ ही टोचलेल्या कोळंब्या अधिक संख्येने जगल्या. रॅब-७ चे नेहमीचे काम पेशीच्या आतील वाहतुकीचे, म्हणून दारावरचा पहारेकरी तोच, असे म्हणण्यास मी धजणार नाही. मला अधिक विलक्षण वाटते ती विषाणूची निवड: कल्ले, त्वचा, जठराचे अस्तर, रक्त घडवणाऱ्या ऊती, अर्थात गर्भाच्या बाह्य व मध्य स्तरांतून उपजलेले सारे तो ग्रासतो, परंतु अंतःस्तरातून उपजलेल्या मध्य आतड्याच्या अस्तराला शिवत नाही. पूर्वी तैवानच्या टायगर कोळंबीत सापडलेला मोनोडॉन बॅक्युलोव्हायरस नेमका उलटा. त्याचे ठाणे यकृतसदृश पाचकग्रंथीत आणि मध्य आतड्यात.

शेतकऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ज्यांना पाण्याचे नियम घालून देता आले असते त्यांनी ते वेळेवर घातले नाहीत, हे मात्र दुःखाने नमूद केले पाहिजे. एकाने रोगी तलावाचे पाणी खाडीत सोडावे आणि दुसऱ्याने तेच पंपाने उपसून घ्यावे, असा प्रकार राजरोस चाले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यालगतचे कोळंबी तलाव मोडण्याचा हुकूम दिला तो पर्यावरणाच्या कारणास्तव. रोगाने त्यांतील कित्येक तलाव त्याआधीच ओस पाडले होते. २००९ मध्ये अमेरिका खंडांच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हनामी कोळंबीला सरकारी परवाना मिळाला, आणि रोगमुक्त जनक कोळंब्या चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून येऊ लागल्या. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे: व्हनामीच्या कल्ल्यांवरही हा विषाणू तितक्याच सहज ठाण मांडतो, म्हणून काळजीवाहू शेतकरी बीज सोडण्यापूर्वी त्याची पीसीआर चाचणी करून घेतो, आणि तलावाच्या बांधाभोवती खेकडे अडवणारी जाळी व वर पक्षी अडवणाऱ्या दोऱ्या बांधतो.