पन्नास वर्षांचें मौन
१९७७ सालीं जपानांत कियोशी ताकात्सुकी यांनीं प्रौढांच्या एका नव्या रक्तकर्करोगाचें वर्णन केलें. रोगी बहुतेक क्यूशू बेटावरचे. म्हणून संसर्गाचा संशय आला. १९८१ सालीं योरिओ हिनुमा यांनीं विषाणूचा संबंध दाखविला. अमेरिकेंत गॅलो यांनीं १९८० सालीं जाहीर केलेला एचटीएलव्ही-१ तो हाच.

बहुधा मातेच्या दुधांतून तो अर्भकाच्या रक्तपेशींत शिरतो, त्यांच्या जनुकांत मिसळतो आणि पेशींबरोबरच वाढतो. पन्नास-साठ वर्षें कांहींच जाणवत नाहीं. आंत मात्र पेशींत दोष सांचत जातात, आणि बाधितांपैकीं शेंकडा सुमारें पांचांना रोग जडतो.

१९८७ पासून नागासाकींत गर्भवतींची तपासणी होऊं लागली. बाधित मातांनीं अंगावर पाजण्याचें टाळल्यानें संसर्ग पुष्कळ घटला. आईच्या या त्यागाचें फळ मात्र अर्ध्या शतकानंतरच दिसावयाचें.